आवाज बंद करा आणि मग सांगा कोण भारी

तर झालं असं की बहिणीकडे गेले होते आणि भाचीला झोपवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ती झोपली, पण माझा डावा हात तिच्या मानेखाली अडकलेला, जरा हलले की ही उठणार, म्हणून उजव्या हाताने टीव्ही लावला आणि आवाज पार शून्यावर आणला. समोर 'श्रेक' होता, तो हिरव्या राक्षसाचा कार्टूनपट. म्हटलं चला, डायलॉग पाठ आहेत, आवाज कशाला हवाय. आणि खरं सांगते, पंधराव्या मिनिटाला मला कंटाळा यायला लागला. मला! श्रेकचा! किती वेळा बघितलाय ते मोजणं मी कधीच सोडून दिलंय. गाढव तोंड हलवतंय, श्रेक तोंड हलवतोय, मधेच एखादी भुवई वर जातेय, परत तोंड. मग कंटाळून 'वॉल-ई' लावला, तो फारसं न बोलणाऱ्या रोबोटचा पिक्चर, आणि हाताला मुंग्या येऊन हात बधिर झाला तरी शेवटपर्यंत बघत बसले.

झालं, मग नादच लागला. पुढचे काही आठवडे मी जुने अ‍ॅनिमेशनचे पिक्चर शोधून शोधून म्यूट करून बघितले, घरच्यांनी वेड्यात काढलं ते वेगळं. पिक्सार ('वॉल-ई'वाला स्टुडिओ) म्हणजे देव आणि ड्रीमवर्क्स ('श्रेक'वाला स्टुडिओ) म्हणजे टाइमपास, हे माझं वीस वर्षांचं ठाम मत, त्यावर मी लोकांशी भांडलेय पण. ते मत या प्रकारात जरा खिळखिळं झालं. पण मला वाटलं होतं तसं नाही.

आधी पिक्सार. ही मंडळी मुळात सिनेमावाली नव्हतीच, 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासफिल्मच्या कॉम्प्युटर विभागातली होती, १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्जने तो विभाग विकत घेतला आणि त्याच वर्षी जॉन लॅसेटरने 'लक्सो ज्युनियर' नावाची दोन मिनिटांची फिल्म केली. दोन टेबललॅम्प, एक मोठा एक छोटा, आणि एक चेंडू. तोंड नाही, डोळे नाहीत, डायलॉग तर नाहीच. तरी तो छोटा लॅम्प पोरगं आहे हे दोन सेकंदात कळतं, कारण तो उडी मारायच्या आधी खाली दबतो आणि चेंडू फुटल्यावर त्याची मान पडते. लॅसेटरने पुढच्या वर्षी, १९८७ ला, यावर रीतसर पेपरच लिहिला, हाताने चित्रं काढणाऱ्या लोकांचे जुने नियम कॉम्प्युटरला कसे लावायचे म्हणून. मला वाटतं पिक्सारची सगळी सवय इथे लागलीय. त्यांच्याकडे तेव्हा माणसाचा चेहरा नीट बनवायची ताकदच नव्हती, त्यामुळे जे काय सांगायचं ते शरीराच्या हालचालीतून सांगायचं. १९९५ चा 'टॉय स्टोरी' खेळण्यांचा आहे तोसुद्धा यामुळेच, तेव्हाच्या कॉम्प्युटरवर काहीही बनवलं की ते प्लॅस्टिकसारखं चकचकीत दिसायचं, मग म्हणाले ठीक आहे, प्लॅस्टिकचीच गोष्ट सांगू. (त्यातली माणसं परत एकदा बघा. आणि तो कुत्रा! भूत आहे भूत.)

ड्रीमवर्क्सची कुंडली एकदम वेगळी. जेफ्री कॅट्झेनबर्ग डिस्नेतून १९९४ मध्ये भांडून बाहेर पडला आणि स्पीलबर्ग आणि संगीत कंपन्या चालवलेल्या डेव्हिड गेफेनला घेऊन त्याने नवीन दुकान काढलं. म्हणजे इथे सुरुवात इंजिनियरने केलेली नाही, स्टुडिओ चालवलेल्या माणसाने केलीय, ज्याला स्टार आणि स्क्रिप्ट आणि पोस्टर कळतं. त्यांचा पहिला कॉम्प्युटरवाला पिक्चर 'अँट्झ', मुंग्यांचा, २ ऑक्टोबर १९९८. पिक्सारचा दुसरा 'अ बग्ज लाइफ', तोही मुंग्यांचाच, २५ नोव्हेंबर १९९८. लॅसेटरचं म्हणणं की मीच विश्वासाने कॅट्झेनबर्गला आमच्या पिक्चरबद्दल सांगितलं होतं आणि याने पाठीत सुरा खुपसला, कॅट्झेनबर्गचं म्हणणं आमची कल्पना आमचीच. कोण खरं कोण खोटं ते त्या मुंग्यांनाच माहीत.

पण म्यूट करून हे दोन पिक्चर एकापाठोपाठ बघा, फरक असा समोर येतो की बस. 'बग्ज लाइफ'मध्ये सुरुवातीलाच मुंग्यांची रांग चाललीय आणि मधे एक पान पडतं. एवढंच. पुढची मुंगी दिसेनाशी झाली म्हणून मागचीची जी तंतरते, मग बाकीच्या येऊन तिला हाताला धरून पानाला वळसा घालून आणतात, याला एका शब्दाची गरज नाही. 'अँट्झ'मध्ये नायकाला वुडी अ‍ॅलनचा आवाज आहे आणि अर्धा विनोद त्याच्या त्या अडखळत कुरकुरण्यात आहे, आवाज बंद केला की उरते एक तपकिरी मुंगी जी सतत चिंतेत दिसते. वाळवीबरोबरच्या लढाईचा भाग मात्र म्यूटवरही अंगावर येतो हां, तेवढं श्रेय द्यायला हवं. गंमत म्हणजे लहानपणी मला 'अँट्झ' जास्त 'मोठ्यांचा' वाटायचा आणि म्हणून तो जास्त भारी वाटायचा.

आता श्रेक. श्रेकचा आवाज आधी ख्रिस फार्ली करत होता, त्याचं बहुतेक सगळं रेकॉर्डिंग झालं होतं आणि डिसेंबर १९९७ मध्ये तो वारला. मग माइक मायर्स आला, त्याने काम केलं, आणि केल्यावर म्हणाला की मला हे सगळं परत स्कॉटिश ढंगात करायचंय. आणि स्टुडिओने करू दिलं! अ‍ॅनिमेशन चालू असताना! हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा येडेपणा वाटला होता, पण आता कळतं की त्यांच्यासाठी तो आवाज हेच पात्र होतं, शरीर नंतर. श्रेक हा कानाचा पिक्चर आहे. त्याला म्यूट करणं म्हणजे गाण्याच्या मैफलीला कानात बोळे घालून जायचं आणि वर गायक नुसता हातवारे करतो म्हणून तक्रार करायची.

२००२ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड फिल्मचं ऑस्कर पहिल्यांदा दिलं गेलं आणि ते श्रेकने पिक्सारच्या 'मॉन्स्टर्स, इन्क.'ला हरवून घेतलं. याचा राग मी इतकी वर्षं धरून होते की विचारू नका. आता आवाज लावून दोन्ही परत बघितले तर कबूल करावं लागतंय की लिखाण श्रेकचं जास्त चपळ आहे. पण आवाज बंद केला की सामना एकतर्फी होतो. बू नावाची ती चिमुरडी तशीही धड बोलत नाही, त्यामुळे तिच्यात काहीच कमी होत नाही, आणि सली या केसाळ राक्षसाच्या अंगावरचे २३ लाखांवर केस वाऱ्यावर, बर्फात, तिच्या हाताखाली वेगवेगळे हलतात ते उलट जास्त नीट दिसतं. दारांच्या गोडाऊनमधला पाठलाग बघताना मी श्वास रोखून बसले होते आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

श्रेक इतका चालल्यावर मग ड्रीमवर्क्सने तेच गिरवलं, पोस्टरवर नटांची नावं मोठी, पात्राची एक भुवई वर आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू. पिक्सारचा माशांचा 'निमो' २००३, लगेच २००४ मध्ये यांचा 'शार्क टेल', ज्यात माशांना विल स्मिथ, डी नीरो, स्कॉर्सेसी यांचे आवाजच नाही तर त्यांची थोबाडंही चिकटवलीयत. म्यूटवर तो बघवत नाही. आवाज लावूनही फार बघवत नाही म्हणा.

इथपर्यंत मी खूश होते, कारण माझंच मत सिद्ध होत होतं. मग पिक्सारचाच 'कार्स' लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. गाड्यांना हात नाहीत, मान नाही, खांदे नाहीत, डोळे काचेवर चिकटवलेले, त्यामुळे त्या नुसत्या समोरासमोर उभ्या राहून बोलतात. लक्सोला तरी मान होती! 'इनसाइड आउट'चं तेच, आत डोक्यात सगळ्या भावना एकमेकींना समजावून सांगत बसतात, आवाज बंद केला तर पाच रंगांची मंडळी मीटिंगला बसल्यासारखी वाटतात. आणि हा माझा आवडता पिक्चर आहे, म्हणजे माझी टेस्टही काही ब्रह्मवाक्य नाही. 'अप'ची पहिली काही मिनिटं, कार्ल आणि एलीचं अख्खं लग्न, ती म्यूटवर पण रडवतातच, आता ते काय नव्याने सांगू, पण कुत्रे बोलायला लागले की ती जादू ओसरते.

आणि मग 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'. हा २०१० ला आला तेव्हा मी बघितलाच नव्हता, का तर सुरुवातीला चंद्रावर बसून गळ टाकणारा पोरगा दिसतो म्हणून, म्हणजे ड्रीमवर्क्सचा म्हणून. किती तो माज. ख्रिस सँडर्स आणि डीन डुब्लॉय, ज्यांनी आधी डिस्नेत 'लिलो अँड स्टिच' केला होता, त्यांचा हा पिक्चर. त्यातला तो सीन, हिकप हा पोरगा वाळूत काठीने चित्र काढतो, मग ड्रॅगन एक झाड उपटून स्वतः रेघोट्या मारतो, मग हिकप त्या रेघांवर पाय न ठेवता गोल गोल फिरत त्याच्याजवळ जातो, शेवटी मान वळवून हात पुढे करतो. कितीतरी मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही. तो ड्रॅगन मांजरासारखा रुसतो, कुत्र्यासारखा कान टवकारतो. शिवाय प्रकाशयोजनेसाठी त्यांनी रॉजर डीकिन्स या खऱ्या सिनेमॅटोग्राफरचा सल्ला घेतला होता, त्यामुळे यात अंधार खरंच अंधार आहे, मुलांचा पिक्चर म्हणून सगळीकडे ट्यूबलाइट लावलेली नाही. मी तो सीन तीनदा मागे घेऊन बघितला आणि मनातल्या मनात ड्रीमवर्क्सची माफी मागितली. ड्रीमवर्क्सच्याच 'कुंग फू पांडा'तली, पांडा पो आणि त्याचा गुरू शिफू यांची त्या एका मोमोसाठीची चॉपस्टिकची मारामारी, ती पण तशीच, जुन्या मूकपटात शोभेल अशी.

म्हणजे लोगोवरून काही ठरत नाही. ठरतं ते दिग्दर्शक आवाजापासून सुरू करतो की अंगापासून.

टेक्निकचं पण तेच. पिक्सार सगळ्यात पुढे असा आपला समज, पण उजेड एका वस्तूवर पडून दुसरीवर उडतो, म्हणजे लाल भिंतीशेजारी उभं राहिलं की गालावर लाली येते ते, हे 'श्रेक २'वाल्यांनी २००४ मध्येच मोठ्या प्रमाणावर वापरलं होतं. पिक्सारने उजेडाचं सगळं गणित नव्याने मांडलं ते २०१३ च्या 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी'ला, आणि तेव्हा एकेक फ्रेम तयार व्हायला २९ तास लागत होते. एका सेकंदात २४ फ्रेम, करा हिशोब. या धंद्यात एक जुना नियम सांगतात की कॉम्प्युटर कितीही फास्ट झाला तरी एका फ्रेमला लागणारा वेळ तेवढाच राहतो, कारण वेग वाढला की हे लोक अजून केस, अजून पाणी, अजून पानं घालतात.

इल्युमिनेशनवाल्यांना हा मोह नाही. ख्रिस मेलेदांद्रीने २००७ मध्ये स्टुडिओ काढला, चित्रांचं काम पॅरिसमध्ये, आणि 'डेस्पिकेबल मी' ६ कोटी ९० लाख डॉलरमध्ये उरकला, त्याच वर्षीचा 'टॉय स्टोरी ३' २० कोटी डॉलरचा होता. २०१५ चा 'मिनियन्स' ७ कोटी ४० लाखांत केला आणि जगभरात १ अब्ज १५ कोटी डॉलरच्या वर कमावले. मी नाक मुरडूनच बसले होते. पण म्यूटवर मिनियन्स, ते पिवळे बुटके, काय चालतात! तशीही त्यांची भाषा कुणाला कळत नाही, दिग्दर्शक पिएर कोफां स्वतःच ती बडबड करतो, त्यामुळे आवाज गेला तरी विनोद जागेवर, पडणं, आपटणं, एकाने दुसऱ्याला उगाच थोबाडीत मारणं. हसू दाबताना पलंग हलला आणि भाची उठली, ती रात्र वाया गेली. अडचण एकच, मिनियन पडद्यावरून गेले आणि माणसं आली की डोळे मिटायला लागतात. गोष्ट म्हणून यांच्याकडे फार काही नसतं, गमतींची माळ असते.

डिस्नेच्या स्वतःच्या पिक्चरवर ही टेस्ट लावत नाही, गाण्यांचे पिक्चर म्यूट करणं पाप आहे. फक्त 'टँगल्ड'मधला तो घोडा बघा, बाकी पुढे चला.

हा, आणि सोनीचा 'इनटू द स्पायडर-व्हर्स', २०१८. याच्याबद्दल मी तासभर बोलू शकते. साध्या पिक्चरमध्ये दर सेकंदाला २४ वेगवेगळ्या पोझ असतात, इथे माइल्सला, म्हणजे नव्या स्पायडर-मॅनला, बऱ्याच ठिकाणी १२ च दिल्यात, एकेक पोझ दोन फ्रेम धरून ठेवलीय, त्यामुळे तो थोडा अडखळत हलतो. जंगलातल्या सीनमध्ये तो आणि जुना स्पायडर-मॅन पीटर एकत्र झोके घेतात तेव्हा पीटर २४ वर आणि हा १२ वर, एकाच चौकटीत. म्हणजे एक सराईत आहे आणि एक नवशिका आहे हे कोणी बोलून दाखवत नाही, ते हालचालीतच शिवलंय. मला हे आवाज असताना कधी जाणवलंच नव्हतं, नुसतं 'काहीतरी भारी दिसतंय' एवढंच वाटायचं. आणि हे आल्यावर सगळ्यांचीच भीड चेपली, इतकी वर्षं जो तो खऱ्यासारखं दिसायच्या मागे होता, आता चित्र चित्रासारखं दिसलं तरी चालतं म्हटल्यावर ड्रीमवर्क्सने २०२२ मध्ये 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' रंगवलेल्या पुस्तकासारखा केला, मग सँडर्सचा 'द वाइल्ड रोबोट' आला, त्यातलं जंगल तर ब्रशने फटकारे मारल्यासारखं. पिक्सार या बाबतीत मागून आलं असं माझं मत, शिव्या द्यायच्या तर द्या.

'लास्ट विश'ने मात्र मला तोंडावर पाडलं. त्यातला लांडगा येण्याआधी शीळ वाजते, आणि सगळी भीती त्या शिळेत आहे, मी ती बंद करून बसलेली. मांजराच्या अंगावरचे केस उभे राहतात त्यावरून कळतं, पण काटा आपल्या अंगावर येत नाही. त्यावरून मग वॉल-ईचं पण लक्षात आलं, की बेन बर्टने बनवलेले ते सगळे टुकटुक आवाज, ज्याने 'स्टार वॉर्स'मधला रोबोट आर-टू-डी-टू बोलका केला तोच हा माणूस, ते मी गाळूनच वाहवा करत होते. मग 'फ्लो' बघितला, लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोदिसचा, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, ज्याने २०२५ चं ऑस्कर 'इनसाइड आउट २' आणि 'वाइल्ड रोबोट' या दोघांच्या समोरून नेलं. यात डायलॉगच नाहीत, म्हटलं ही टेस्ट यालाच तर फिट्ट. नाही. दहा मिनिटांत मुकाट्याने आवाज लावला. मांजराचं ते खरंखुरं म्याव आणि पाण्याचा आवाज नसेल तर तो पिक्चर अर्धा आहे.

बरं, ज्यांच्यासाठी आपण एवढे भांडतो ते स्पर्धक तरी कुठे आहेत आता. डिस्नेने पिक्सार २००६ मध्ये ७ अब्ज ४० कोटी डॉलरला घेतलं. ड्रीमवर्क्स २०१६ मध्ये कॉमकास्टकडे गेलं, म्हणजे इल्युमिनेशनच्याच घरात, सगळी भाऊबंदकी. त्यातून अ‍ॅनिमेशनच्या कलाकारांनी कोर्टात केस केली होती की या स्टुडिओंनी आतून संगनमत करून एकमेकांची माणसं पळवायची नाहीत असं ठरवलंय आणि त्यामुळे आमचे पगार दबले, डिस्ने-पिक्सार, ड्रीमवर्क्स, सोनी, ब्लू स्काय यांनी मिळून साधारण १७ कोटी डॉलर देऊन ती मिटवली. पडद्यावर मुंगी विरुद्ध मुंगी आणि आत हे.

ब्लू स्काय राहिलंच की. 'आइस एज'वाले. १९८७ पासूनचा स्टुडिओ, काही संस्थापक 'ट्रॉन' या जुन्या कॉम्प्युटर-ग्राफिक्सवाल्या पिक्चरवर काम केलेल्या कंपनीतले, आणि उजेडाचे किरण एकेक करून मोजायचं तंत्र हे सुरुवातीपासून वापरत होते, पण पिक्सार-ड्रीमवर्क्सच्या भांडणात यांचं नाव कोणी घेतलं नाही, मीही नाही. म्यूटवर मात्र यांचा स्क्रॅट, खारीसारखा एक प्राणी, सगळ्यांचा बाप निघाला. २००२ च्या पहिल्या पिक्चरच्या पहिल्याच सीनमध्ये तो बर्फात एक अ‍ॅकॉर्न खोचायला जातो, बारीक चीर पडते, चीर पळत सुटते आणि अख्खा डोंगर त्याच्यामागे लागतो. सुकलेलं अंग, बाहेर आलेले डोळे आणि एक फळ जे त्याला मिळत नाही. दिग्दर्शक ख्रिस वेज स्वतःच त्याचे चित्कार काढायचा.

डिस्नेने फॉक्स, म्हणजे ब्लू स्कायची मालक कंपनी, विकत घेतल्यावर ब्लू स्काय त्यांच्याकडे गेलं आणि एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं. वर्षभराने तिथल्या काही लोकांनी एक छोटी क्लिप टाकली, शेवटच्या दिवसांत केलेली, अर्ध्या मिनिटाची. स्क्रॅट उभा आहे, समोर अ‍ॅकॉर्न. आता काहीतरी फुटणार, काहीतरी कोसळणार म्हणून मी वाट बघत होते. त्याने ते अ‍ॅकॉर्न खाल्लं. पूर्ण. आणि निघून गेला, मागे नुसता पांढरा बर्फ. भाची तेव्हा जागीच होती, माझ्या हाताला टेकून बघत होती, म्हणाली मावशी आवाज का येत नाहीये. म्हटलं अगं बंद केलाय मी. लाव ना, म्हणाली. मग लावला आणि परत पहिल्यापासून बघितलं.